क्रिकेटचे गुरुजी : रमाकांत आचरेकर

शाळेच्या क्रिकेट-संघाचें कोणतेंहि छायाचित्र घ्या. मध्यें ढाल, तिच्या भोंवतीं पांढऱ्या पोशाखांतील मुलें, आणि एका टोंकास साध्या कपड्यांतील एक गृहस्थ उभे असतात. पुढें मुलांचीं नांवें लोकांस आठवतात. त्या गृहस्थांचें नांव बहुधा कोणासहि सांगतां येत नाहीं. आमच्या मुंबईंत अशा एका गृहस्थांचें नांव मात्र त्यांच्या शिष्यांच्या नांवाबरोबर घरोघरीं पोंचलें. ते रमाकांत विठ्ठल आचरेकर होत. त्यांनीं काय केलें व कसें केलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस, आणि विशेषतः त्यांच्या पालकांस, येथें सांगावयाचें योजिलें आहे.

आचरेकरांचा जन्म १९३२ सालीं मालवण येथें झाला. मुंबईंत १९४५ सालीं ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबाकडून खेळूं लागले. पुढें इतरहि कांहीं संघांतून ते खेळले, आणि उपजीविकेसाठीं त्यांनीं स्टेट बँकेंत नोकरी केली. खेळाडू या नात्यानें त्यांची मजल एकाच प्रथम श्रेणीच्या सामन्यापर्यंत गेली. १९६३-६४ च्या हंगामांत मोईन-उद-दौला स्पर्धेंत हैदराबादविरुद्ध ते बँकेच्या संघातर्फे खेळले, तेवढाच. मोठा खेळाडू तोच मोठा शिक्षक होतो, हा समज किती पोकळ आहे तें यावरून दिसेल. गणिताचे उत्तम शिक्षक सगळे कांहीं रँग्लर नसतात.

मुंबईच्या शालेय क्रिकेटचा डोलारा दोन ढालींवर उभा आहे. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नांवाची ढाल थोरल्या मुलांसाठीं, आणि जाइल्स ढाल धाकट्यांसाठीं. या ढालींसाठीं शाळाशाळांत जी चुरस चालते, तिच्यांतून कितीतरी नामांकित खेळाडू वर आले. आचरेकर दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या मुलांस शिकवीत, आणि शिवाजी पार्कवर त्यांनीं कामत मेमोरियल क्लब चालविला. हें मैदान १९२५ सालीं लोकांस खुलें झालें. तें सर्वांचें असल्यानें तेथें एकाच वेळीं अनेक क्लबांचीं जाळीं लागतात, आणि एकाचा चेंडू दुसऱ्याच्या पायाशीं येतो. अशा गर्दींतच त्यांची शाळा भरे.

त्यांच्या शिक्षणाचें मर्म हें कीं, मुलास सामने खेळावयास लावावें. जाळ्यांत बाद झालेला फलंदाज पुढचा चेंडू हंसत खेळतो. सामन्यांत बाद झालेल्यास मुकाट्यानें तंबूंत जाऊन बसावें लागतें. चुकीची किंमत सामन्यांतच कळते. सचिन तेंडुलकर १९८४ सालीं त्यांच्याकडे आला, तेव्हां पहिल्याच उन्हाळ्याच्या सुटींत साठ दिवसांत पंचावन्न सामने खेळला, असें त्यानें आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. एका मैदानावर तो बाद झाला कीं आचरेकर त्यास आपल्या स्कूटरवर मागें बसवून दुसऱ्या मैदानावर नेत व तेथें फलंदाजीस उभें करीत. दिवसाच्या अखेरीस, मुलगा पुरता थकला असतां, ते यष्टीवर एक रुपयाचें नाणें ठेवीत. जो त्यास बाद करील त्याचें तें नाणें; कोणीच न केल्यास फलंदाजाचें. सचिनने अशीं तेरा नाणीं मिळविलीं आणि तीं जपून ठेविलीं. अंग थकल्यावरहि मन ठिकाणावर राहावें, यासाठीं ही युक्ति होती.

पालकांनीं लक्षांत घ्यावी अशी गोष्ट याच्या मागें आहे. पहिल्या दिवशीं आचरेकरांच्या देखत सचिन बावरला व त्यास नीट खेळतां येईना. तेव्हां थोरला भाऊ अजित याने विनंति केली कीं, सरांनीं दूर झाडाआड उभें राहून पाहावें. तसें केल्यावर मुलाचा खरा खेळ दिसला. पुढें सरांच्या सल्ल्यावरून वांद्र्याची शाळा सोडून मुलास शारदाश्रमांत घातलें. त्याचे वडील रमेश तेंडुलकर हे कवि व मराठीचे प्राध्यापक. अशा विद्याव्यासंगी गृहस्थानें खेळासाठीं मुलाची शाळा बदलूं दिली, ही साधी गोष्ट नव्हे.

एकदां सरांनीं ठरविलेला सामना चुकवून सचिन शाळेच्या वरच्या संघाचा अंतिम सामना पाहावयास वानखेडेवर गेला, तेव्हां त्यांनीं त्याच्या थोबाडींत दिली, आणि दुसऱ्यांसाठीं टाळ्या वाजविण्यापेक्षां आपला खेळ पाहावयास लोक येतील असें कर, असें बजावलें. बोल सोन्याचे; चपराक मात्र आम्हांस मान्य नाहीं, आणि शिष्यानें ती कृतज्ञतेनें स्मरली म्हणून ती शिक्षणशास्त्रांत बसत नाहीं.

फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यांत सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. (मिशन शाळेच्या त्या बिचाऱ्या गोलंदाजांविषयीं आम्हांस स्वाभाविकच सहानुभूति वाटते, त्यांतील साईराज बहुतुले पुढें भारतातर्फे खेळला.) डाव सोडण्याविषयींचे सीमारेषेवरचे इशारे दोघांनीं न पाहिल्यासारखे केले. अखेर सरांचीच आज्ञा झाली, आणि साडेतीनशेंस एकच धाव उणी असतां विनोदास थांबावें लागलें, ही हकीगत क्रिकेटवाल्यांच्या तोंडीं आहे. पुढें त्याच विनोदाने ३७ धावांत सहा बळी घेतले.

सचिन दोनशें कसोटी सामने खेळला. विनोद अवघे सतरा खेळला. सरासरी ५४ हून अधिक असतां तेविसाव्या वर्षीं त्याची कसोटी कारकीर्द संपली. गुरु एक, मैदान एक, भागीहि एकच. शिक्षकाचा हात कोठपर्यंत पोंचतो याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार हेहि त्यांचेच शिष्य. आणि ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत कधींच आलीं नाहींत असे असंख्य. मुलास मैदानावर धाडणाऱ्या पालकांनीं शिक्षकास एवढेंच विचारावें कीं, आमच्या मुलास महिन्यांत किती सामने मिळतील?

सरकारनें आचरेकरांस १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० सालीं पद्मश्री दिली. नोव्हेंबर २०१३ मध्यें वानखेडेवर निरोप घेतांना, ते प्रेक्षकांत बसले असतां, सचिनने सांगितलें कीं एकोणतीस वर्षांत सरांनीं आपणांस ‘चांगला खेळलास’ असें एकदांहि म्हटलें नाहीं. २ जानेवारी २०१९ रोजीं ते निवर्तले. अंत्ययात्रा शिवाजी पार्कवर आली तेव्हां पोरांनीं बॅटी उंच धरून त्यांस मानवंदना दिली. ३ डिसेंबर २०२४ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं, त्याच मैदानाच्या पांच क्रमांकाच्या फाटकाजवळ त्यांच्या स्मारकाचें अनावरण झालें. त्या समारंभास सचिन व विनोद दोघेहि आले होते.