पझल पूर्ण झालं, आता ते टिकवायचं कसं?

हजार तुकड्यांच्या जिगसॉ पझलचा शेवटचा तुकडा टक् करून बसला! आता? गिरगावातल्या चाळीत किंवा परळच्या एका खोलीत राहणाऱ्या कुणालाही विचारा. पझल लावणं एक वेळ जमतं, पण ते मांडून ठेवायला जागा कुठून आणायची? रात्री त्याच जमिनीवर गाद्या पडतात. म्हणून पहिली युक्ती आत्ताच सांगून टाकते: पझल कॅरम बोर्डावर लावा. हजार तुकड्यांचं पझल बहुधा ६८ बाय ४८ सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि कॅरमची खेळायची जागा ७४ सेंटिमीटरची चौकोनी. पझल आरामात मावतं. कडेच्या लाकडी पट्ट्यांमुळे तुकडे सांडत नाहीत आणि झोपायच्या वेळी अख्खा बोर्ड उचलून कपाटावर ठेवता येतो.

आणि कायमचं भिंतीवर लावायचं असेल तर? ते बघण्याआधी भायखळ्याला जाऊ. तिथे एक दगडी पझल उभं आहे.

राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाचा मोठा हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. बेटावर राजबंदराजवळ तो उभा असायचा आणि त्याच्यामुळेच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. एकाच खडकातून कोरलेला हा हत्ती पुढे खचत गेला. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचं ठरवलं, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे विस्कटल्यापासून लागेपर्यंत पन्नास वर्षं!

तुमच्या पझलपेक्षा हे काम फार अवघड, बरं का. पुठ्ठ्याच्या तुकड्यांना मुद्दाम खाचा आणि टोकं कापलेली असतात, शिवाय वर रंगीत चित्र असतं. फुटलेल्या दगडाला त्याच्या खडबडीत कडा सोडून दुसरी खूण नाही. दोन कडा एकमेकींत चपखल बसल्या, तरच ते शेजारी. मध्ये एखादी कपची हरवली असेल, तर तिथे फट राहणार.

आता आपल्या पुठ्ठ्याकडे वळू. चिकटवायला काय घ्यायचं? घरातला पांढरा डिंक, ज्याला आपण सगळे फेव्हिकॉलच म्हणतो. त्याची सुरुवात मुंबईतच, १९५९ मध्ये झाली. त्याआधी सुतार सरस वापरायचे. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला हा सरस आधी तापवून पातळ करावा लागे.

हा डिंक डब्यात पांढराशुभ्र असतो, मग वाळल्यावर पारदर्शक कसा होतो? त्यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. प्रकाश त्यांच्यावर आपटून सगळीकडे विखुरतो, म्हणून डिंक दुधासारखा पांढरा दिसतो. पाणी उडून गेलं की गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. मग प्रकाश विखुरायला मध्ये काही उरतच नाही. तो सरळ आरपार जातो आणि खालचं चित्र स्वच्छ दिसतं. एका जुन्या स्टीलच्या झाकणावर थेंबभर डिंक टाकून संध्याकाळपर्यंत अधूनमधून बघा. कडा आधी पारदर्शक होतात आणि मधला पांढरा ठिपका हळूहळू लहान होत जातो.

पझलखाली बटर पेपर घाला. डिंक मधोमध ओता आणि जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने अगदी पातळ पसरवा, म्हणजे तो तुकड्यांमधल्या फटींत उतरेल. मात्र एक गोष्ट हमखास होते: पझल वाकतं! पुठ्ठा कागदाच्या तंतूंचा असतो. तंतू पाणी पिऊन फुगतात आणि डिंक वाळताना आकसून एकाच बाजूला ओढतो. म्हणून वरची बाजू पूर्ण वाळली की दोन फळ्यांमध्ये धरून पझल उलटं करा आणि मागच्या बाजूलाही तसाच थर द्या. दोन्हीकडून सारखी ओढ बसली की ते सपाट राहतं. वरून जड पुस्तकं ठेवा, पण मध्ये बटर पेपर हवाच.

मुंबईत आणखी एक शत्रू आहे, पावसाळा. ओल्या भिंतीला टेकलेल्या कागदावर बुरशी लगेच येते, कारण कागद हे तिचं खाणं आहे. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळेल. बाहेरच्या भिंतीवर आणि थेट उन्हात फ्रेम लावूच नका.

थांबा, डिंकाची बाटली उघडण्याआधी एक महत्त्वाचं. संग्रहालयात फुटलेली मातीची भांडी जोडणारे लोक पुन्हा काढता येईल असाच डिंक निवडतात. त्यांच्या आवडीच्या एका डिंकाचं नाव पॅरालॉइड बी-७२. तो ॲसिटोनमध्ये विरघळतो. उद्या जोड चुकीचा निघाला किंवा हरवलेला तुकडा सापडला, तर भांडं इजा न होता सुटं करता येतं. आपला पांढरा डिंक तसा नाही. तो पुठ्ठ्याच्या तंतूंत घुसतो आणि काढायला गेलं तर चित्राचा कागदच उचलून येतो. पझल मोडून पुन्हा लावायची थोडीही इच्छा असेल, तर त्याला डिंक लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे पुठ्ठा, पुढे काच आणि घट्ट फ्रेम, एवढ्यावरही ते छान टिकतं.

आणि भायखळ्याच्या हत्तीजवळ गेलात, तर त्याच्याभोवती एक फेरी मारून जोडांच्या रेषा शोधा. फक्त बुधवारी जाऊ नका. त्या दिवशी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.