खाण तशी माती? नेहमीच नाही!

पाकिटावर लालबुंद टोमॅटो. माझ्या ट्रेमध्ये मात्र तीन आठवड्यांनंतरही दोन इंचांची, पिवळट, मान टाकलेली पिल्लं! अमरावतीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत, ऑफिस सांभाळून थाटलेला हा संसार. मी निकाल लावून टाकला, बियाणंच फडतूस.

दर्यापूरकडचे मामाजी रविवारी आले. ट्रे उचलून बघितला आणि हसले. "बियाले कायले दोष देऊन राहिली वं पोरी? सगळ्याच रोपाईचं सारखंच हाय ना? मंग पाणी-माती तपास."

यात अख्खं शास्त्र आहे बरं का. एकाच ट्रेमधली सगळी रोपं सारखीच खुरटली, तर संशय परिस्थितीवर घ्यायचा. बाकी सगळी टवटवीत आणि मधलं एखादंच बुटकं, तर त्या बियात काहीतरी गडबड.

माझ्या ट्रेला खाली भोकंच नव्हती! रोज दोन वेळा पाणी, त्यामुळे मुळं गुदमरलेली. वर ऊन जेमतेम तासभर. काहींचं उलटं होतं. भर मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना गच्चीवर टोमॅटो पेरतात, ज्याला उगवायला 20 ते 30 अंश पुरतात. आणि पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी घातलं की क्षारांमुळे रोपाला ओल शोषताच येत नाही. भांडं ओलं, रोप तहानलेलं.

मग जनुकांचा काहीच हात नाही? आहे ना. बाजारातल्या हायब्रीड टोमॅटोचं बी काढून लावा, पुढच्या पिढीत उंच, बुटकी, उशिराची, सगळी व्हरायटी निघेल. पण डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी 1903 मध्ये घेवड्यावरचा एक गमतीदार प्रयोग मांडला. एकाच झाडाच्या वंशातले जड आणि हलके दाणे वेगवेगळे पेरले, तरी दोन्हींच्या पिकातल्या दाण्यांचं सरासरी वजन जवळपास सारखंच! म्हणजे दाण्यांमधला तो फरक रक्तातला नव्हताच, परिस्थितीने घडवलेला होता. 'जीन' हा शब्दही 1909 मध्ये त्यांनीच दिला.

गॅलरीत हा वाद टाइमपास आहे. शेतात तो पैशांचा आहे.

जून 2020. राज्यभरातून सोयाबीन उगवलं नाही म्हणून हजारो तक्रारी आल्या. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मामाजींचंही तेच झालं. एकाच शेतात, एकाच दिवशी, जेएस-335 हे एकच वाण. अर्ध्यात विकतची बॅग, अर्ध्यात घरचं बी. घरचं उगवलं, बॅगेतलं बसलं. पाऊस तोच, माती तीच, वाणही तेच. मग दोष कुणाचा?

दोष वाणाचाही नाही आणि शेताचाही नाही. ऑक्टोबर 2019 च्या अवकाळी पावसात राज्यभर काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं होतं. मामाजींचं त्याआधीच मळून झालं होतं. सोयाबीनच्या दाण्याची साल नाजूक. भिजला, आदळला, की आतला कोंब मरतो. जनुकं उत्तम, पण बालपण वाईट!

तालुक्याची समिती पंचनाम्याला आली तेव्हा मामाजींकडे पिशवी, टॅग, बिल, सगळं जपलेलं होतं. शेजाऱ्याने पिशवी चुलीत घातली होती. भरपाई मागायची तरी कशाच्या जोरावर? दुबार पेरणी मात्र दोघांनाही चुकली नाही.

पेरण्याआधी एवढं कराच

• 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्याने मोजा. सोयाबीनचे 70 तरी उगवायला हवेत. गॅलरीवाल्यांना टिश्यू पेपरवर 10 दाणे पुरेत.
• शेतात 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरणी नको. दाणा 3 ते 4 सेंटिमीटरपेक्षा खोल नको.
• दोन वेगळी बियाणी एकाच मातीत, एकाच दिवशी लावा. खरं-खोटं आपोआप कळतं.
• पाकीट आणि बिल पीक हाती येईपर्यंत टाकू नका.

माझ्या ट्रेला आता भोकं आहेत. पाणी दिवसाआड, तेही माती बोटाने चाचपून. त्याच फडतूस पाकिटातलं उरलेलं बी मी परत पेरलं. सात दिवसांत दहापैकी नऊ उगवले. मामाजींना फोटो पाठवलाय. सॉरी मात्र बियाण्याला म्हणायचं राहिलंय!