ड्रिलिंगचे पाइप धुणारं यंत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात उन्हाळा आला की बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. यांतल्या माण-खटावच्याच सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या गोठणे इथं, २०१७मध्ये सुमारे तीन किलोमीटर खोल बोअर पूर्ण झालं, पण ते पाण्यासाठी नव्हतं. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपानंतरही कोयनेचा परिसर का हादरत राहतो, हे थेट खडकात उतरून तपासण्यासाठी ते घेतलं गेलं. कराडजवळच्या हजारमाचीतली बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी हे काम पाहते.

शेतातलं बोअर असो की संशोधनाचं, खाली पोचायचं ते एकाला एक जोडलेल्या पाइपांच्या माळेवरूनच. या माळेतला प्रत्येक पाइप स्वच्छ असणं हा बोअरच्या यंत्राच्या आयुष्याचा आणि माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तरीही पाइप धुणं हे सगळ्यात शेवटचं, हाताखालच्या पोराला सांगायचं काम समजलं जातं. पाइप धुणारं यंत्र बांधायचं, तर त्यामागचे काही पक्के गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज : पाइप बाहेरून धुतला की झालं.

वस्तुस्थिती : खरं नुकसान पोटातली घाण करते. पाण्याच्या बोअरला कॉम्प्रेसरची हवा रॉडच्या, म्हणजे या पाइपांच्या, पोटातूनच खडक फोडणाऱ्या हॅमरपर्यंत जाते. आत चिकटलेली दगडाची भुकटी आणि गंजाची खपली त्या हवेबरोबर सरळ हॅमरच्या पिस्टनवर येते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट अगदी बारीक असते. तिथं ओरखडे पडले की हवा निसटते आणि ठोका कमजोर होतो. डिझेल मात्र तेवढंच जळतं.

खडकाचा अखंड नमुना काढणाऱ्या कोअरिंगमध्ये तर नमुन्याची आतली नळी रॉडच्या पोटातूनच तारेनं वर ओढतात. वाटेत खपली आडवी आली आणि नळी अडकली, तर अख्खी माळ उपसून काढावी लागते.

गैरसमज : बाहेरचं माप सारखं, म्हणजे ब्रशही तोच चालेल.

वस्तुस्थिती : कोअरिंगचा ‘एचक्यू’ मापाचा रॉड बाहेरून ८८.९ मिलिमीटर असतो. तेलविहिरींच्या प्रमाणातला साडेतीन इंची ड्रिल पाइपही बाहेरून नेमका ८८.९ मिलिमीटरच. पण रॉडचं आतलं माप ७७.८ मिलिमीटर, तर १३.३ पौंडी (फुटाला वजन) ड्रिल पाइपचं ७०.२. एकाला बसणारा ब्रश दुसऱ्यात शिरणार नाही किंवा भिंतीला टेकणार नाही.

शिवाय एकाच पाइपचं पोटही सगळीकडे सारखं नसतं. पाच इंची, १९.५ पौंडी पाइप मध्यावर आतून १०८.६ मिलिमीटर रुंद असतो, पण त्याच्या सांध्यातलं भोक साधारण ९५ मिलिमीटर, आणि पोलाद जास्त ताकदीचं असेल तर त्याहूनही लहान. म्हणजे ब्रश अरुंद दारातून आत शिरून मग फुलला पाहिजे. त्यासाठी स्प्रिंगवर उघडणारे किंवा फिरताना बाहेर फाकणारे हात लागतात. तारेचा ब्रश अर्ध्यातून मागे ओढला की तारा उलट्या होऊन रुततात, म्हणून तो एका तोंडातून घालून दुसऱ्या तोंडातून बाहेर काढायची सोय हवी.

गैरसमज : मोठ्या पाइपला बसणाऱ्या यंत्रात लहान पाइप आपोआप बसतो.

वस्तुस्थिती : यंत्राची खरी परीक्षा इथंच होते. पाइप काटकोनी खाचेच्या रोलरवर ठेवला, तर त्याचा मध्य खाचेच्या तळापासून त्रिज्येच्या १.४१ पट उंचीवर येतो. ८९ मिलिमीटरचा पाइप काढून १२७ मिलिमीटरचा ठेवला, तर मध्य सुमारे २७ मिलिमीटर वर सरकतो. बाहेरून घासणाऱ्या ब्रशची कडी जागेवर घट्ट असेल, तर ती एका बाजूला पोलाद खरवडेल आणि दुसऱ्या बाजूला चिखल तसाच ठेवेल.

यावर दोन उपाय आहेत. रोलरचा पाट स्क्रूवर वर-खाली करायचा, किंवा १२० अंशांवर बसवलेले तीन ब्रश एकाच वेळी आत-बाहेर सरकवायचे. दुसरा उपाय महाग पडतो. पण मापं रोज बदलत असतील तर तोच परवडतो. सांध्याचा भाग पाइपपेक्षा जाड असतो, हेही विसरून चालत नाही. तो जाताना ब्रश स्वतःहून मागे हटले पाहिजेत.

गैरसमज : प्रेशर वाढवलं की घाण निघतेच.

वस्तुस्थिती : वॉशिंग सेंटरचा अनुभव इथं पुरत नाही. ५०० बार दाबानं मिनिटाला २० लिटर पाणी सोडायला निव्वळ १७ किलोवॅट, म्हणजे २२ अश्वशक्तीहून जास्त ताकद लागते. पंपातला तोटा वेगळाच. त्या धारेचा उलटा धक्का दहा किलोच्या वर असतो, म्हणून हातात बंदूक धरून हे काम करणं धोक्याचं. अशी धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम टिचभर दिसली तरी जखमीला तातडीनं दवाखान्यात न्यावं लागतं.

धार लांब गेली की फाकते आणि तिचा जोर ओसरतो. त्यामुळे नोझल धातूपासून ठरावीक अंतरावर राहणं दाब वाढवण्यापेक्षा महत्त्वाचं. घट्ट ग्रीस तर थंड पाण्याला दाद देत नाही. तिथं गरम पाणी किंवा वाफच लागते.

गैरसमज : आटे तारेच्या ब्रशनं खसाखसा घासले की चकचकीत होतात, तेवढं बस्स.

वस्तुस्थिती : ड्रिल पाइपचा सांधा आट्यांवर बंद होत नाही, तो बंद होतो पिन (बाहेरून आटे असलेलं टोक) आणि बॉक्स (आतून आटे असलेलं टोक) यांचे सपाट खांदे एकमेकांवर दाबले गेल्यावर. त्या खांद्यावर वाळूचा कण राहिला किंवा ग्राइंडरच्या ब्रशनं ओरखडा पडला, तर द्रव तिथून झिरपतो आणि काही तासांत पोलाद खाऊन टाकतो. म्हणून आट्यांसाठी मऊ ब्रशचं वेगळं डोकं हवं. धुतल्यावर आटे कोरडे करून लगेच ग्रीस आणि टोपण लावायला हवं, कारण उघडं पोलाद पटकन गंजतं.

स्वच्छतेनंतरच तपासणीला अर्थ येतो. पिनच्या खांद्यालगतच्या आट्याच्या मुळाशी केसासारखी चीर सुरू होते. ती चुंबकीय भुकटीच्या चाचणीत दिसते, पण आट्यात जुनं ग्रीस असेल तर लपून राहते.

गैरसमज : पाइप धुतल्यावरचं पाणी रानात सोडलं तरी चालतं.

वस्तुस्थिती : सांध्याच्या ग्रीसमध्ये जस्त, तांबं, काही प्रकारांत शिसंही असतं. हे पाणी ज्या बोअरसाठी आपण धडपडतो, त्याच बोअरमध्ये मुरू शकतं. मिनिटाला २० लिटर म्हणजे तासाला १,२०० लिटर. जत-आटपाडीत एवढं पाणी वाया घालवणं पटणारं नाही. गाळ बसवायची टाकी, तेल वेगळं काढायची सोय आणि बारीक गाळणी हे यंत्राचेच भाग मानावेत. गाळणी नसेल तर बेसाल्टची भुकटी पंपाचे प्लंजर झिजवून टाकते.

गैरसमज : असलं यंत्र बाहेरूनच आणावं लागतं.

वस्तुस्थिती : १९१०मध्ये किर्लोस्करवाडी याच मुलखात उभी राहिली आणि पंपाचं काम तिथं पिढ्यान् पिढ्या होत आलं. इथल्या साखर कारखान्यांत इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतली खपली कॉस्टिक सोडा उकळून, फिरत्या ब्रशनं किंवा दाबाच्या पाण्यानं काढणारे कामगार आहेत. त्या नळ्या एकाच मापाच्या असतात, एवढाच फरक. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७पासून आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६०पासून अभियंते घडवत आहेत. कुपवाड, मिरज, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींत लेथ आणि फॅब्रिकेशनची वर्कशॉप आहेत.

सुरुवात ड्रॉइंगच्या कागदावर करू नये, पाइपांच्या थप्पीपाशी करावी. प्रत्येक पाइपचं बाहेरचं माप, आतलं पोट, सांध्यातलं सगळ्यात अरुंद भोक, सांध्याची जाडी, लांबी आणि आट्यांचा प्रकार वहीत लिहावा. यंत्राचा ब्रश किती फुलावा, पाट किती उचलावा आणि नोझल किती सरकावं, हे त्याच आकड्यांतून ठरतं. हे मोजमाप टाळून बांधलेलं यंत्र एका मापावर चालतं आणि दुसऱ्या मापाला कोपऱ्यात पडून राहतं.