आंबेडकरी जलसा

आंबेडकरी जलसा हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीचा विचार गावोगावी पोहोचविण्यासाठी महाराष्ट्रात उदयास आलेला संगीतप्रधान लोकनाट्यप्रकार होय. तमाशाचा आराखडा आणि सत्यशोधकी जलशाची प्रबोधनदृष्टी यांच्या संयोगातून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडला. गीते रचणे, त्यांना चाली लावणे आणि ती रंगमंचावर सादर करणे ही तिन्ही कामे बहुधा एकच शाहीर करीत असे. नाशिक जिल्हा हे या प्रकाराचे एक प्रमुख केंद्र होते. भीमराव कर्डक हे त्याचे अग्रगण्य शाहीर मानले जातात.

पार्श्वभूमी

तमाशाची परंपरा प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी इत्यादी समाजांतील कलावंतांनी जोपासली. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने होणाऱ्या या खेळाला सर्व जातींचे प्रेक्षक गर्दी करीत. मात्र रात्री ज्याच्या गाण्याला दाद मिळे, तोच कलावंत दुसऱ्या दिवशी गावाच्या पाणवठ्यावर अस्पृश्य ठरे. शिवाय लावणी नाचणाऱ्या स्त्रियांकडे उपभोग्य वस्तू म्हणून पाहिले जाई. त्यामुळे ही कला त्या समाजांच्या प्रतिभेची खूण होती आणि त्यांच्या अवहेलनेचे निमित्तही होती.

हा पेच चळवळीपुढेही उभा राहिला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या (१९२७) काळात प्रसिद्ध तमासगीर पठ्ठे बापूराव यांनी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले; परंतु महार स्त्रियांच्या नाचातून मिळालेला पैसा बाबासाहेबांनी स्वीकारला नाही, असे सांगितले जाते. तमाशा जसाच्या तसा स्वीकारणे शक्य नव्हते; मात्र अक्षरओळख नसलेल्या समाजापर्यंत पोहोचण्याचे त्याच्याइतके प्रभावी साधनही दुसरे नव्हते.

या पेचातून वाट काढण्याचा एक नमुना आधीच उपलब्ध होता. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. पुढे त्या समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधकी जलसे सुरू केले आणि त्यांतून भिक्षुकशाही, सावकारी व अज्ञान यांवर टीका केली. गणातील गणपती म्हणजे गणांचा, अर्थात लोकांचा नायक, असा अर्थही त्यांनी मांडला.

नाशिकमधील उदय

नाशिक येथील काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे प्रमुख स्थानिक नेते होते. लढा अनेक वर्षे चालू राहिल्याने खेड्यापाड्यांतील लोकांना त्याचे कारण समजावून सांगण्याची आणि त्यांचा धीर टिकविण्याची निकड होती. याच वातावरणात नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा राहिला व भीमराव कर्डक यांनी त्याचे नेतृत्व केले. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार चळवळीत आजही सांगितले जातात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्यानंतर धर्मांतराचा अर्थ लोकांना समजावून सांगणे हेही जलशांचे काम झाले.

स्वरूप

गण, गवळण, बतावणी, लावणी आणि वग हा तमाशाचा परिचित क्रम आहे. जलशाने या क्रमाचा सांगाडा राखला, पण त्यातील आशय बदलला.

गणात देवतेच्या स्तवनाऐवजी बाबासाहेबांचे आणि त्यांच्या कार्याचे गुणगान येऊ लागले. पारंपरिक गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवितात व मावशी त्यांच्याशी हुज्जत घालते. जलशाने कृष्णाची छेडछाड वगळली आणि स्त्रियांच्या तोंडी शिक्षण, स्वच्छता व सभेला जाण्याचा आग्रह घातला. शृंगारिक लावणीला त्यात स्थान नव्हते. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. स्त्रीला बाजारू प्रदर्शनातून मुक्त करण्याचा हेतू त्यामागे होता, तरी त्यामुळे स्त्री कलावंत या रंगमंचापासून दूर राहिल्या, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

वगाच्या जागी छोटी प्रहसने सादर होत. मंदिरप्रवेश, पाणवठ्यावरील बंदी, सावकाराचे कर्ज, दारूचे व्यसन, बालविवाह, मृत जनावराचे मांस खाण्याची रूढी आणि मुलांना शाळेत घालण्याची गरज हे त्यांचे विषय असत. सोंगाड्याचा विनोद तसाच राहिला, परंतु त्याचा रोख बदलला. भोळा वाटणारा माणूस साधे प्रश्न विचारतो आणि उत्तरे देताना रूढीचा कैवारी स्वतःच उघडा पडतो, ही त्यातील आवडती युक्ती होती. गीतांसाठी लोकांच्या कानांवर रुळलेल्या चाली वापरल्या जात, म्हणून ती एका रात्रीत पाठ होत आणि शाहीर पुढच्या गावी गेल्यावरही मागे उरत.

उत्तरकाळ

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध आणि धम्म हे विषय गीतांत ठळक झाले. हळूहळू नाट्यांश मागे पडून भीमगीतांचे स्वतंत्र कार्यक्रम रूढ झाले. या टप्प्यातील सर्वांत लोकप्रिय कवी-गायक वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हेही नाशिक जिल्ह्यातीलच. त्यांचा जन्म सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. प्रौढपणी मुंबईत अक्षरओळख झालेल्या वामनदादांनी हजारो गीते रचली.

जलशांची बहुतेक संहिता मौखिक असल्याने तिचा मोठा भाग लुप्त झाला. भीमराव कर्डक यांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' (१९७८) हा ग्रंथ लिहून आपल्या पिढीचे हे काम नोंदवून ठेवले. स्वतः रंगमंचावर उभ्या राहिलेल्या शाहिराने केलेली नोंद म्हणून मराठी लोकरंगभूमीच्या अभ्यासात या ग्रंथाला महत्त्व आहे. संगीत नाटकाच्या इतिहासात किर्लोस्कर, देवल यांच्या परंपरेची चर्चा विपुल झाली. जलशाच्या अभ्यासामुळे त्याच भाषेतील, पण नाट्यगृहाबाहेर मशालींच्या उजेडात वाढलेल्या दुसऱ्या संगीत रंगभूमीची ओळख होते.