पाती ते बोंड, एका कटात

"काहून रे बाप्पा, आत्ता त पात्या होत्या, इतक्यात बोंडं फुटले?" यवतमाळकडच्या मामाजींनी टीव्हीवरच्या सिनेमाला हा सवाल केला, तेव्हा नायक भर दुपारच्या कपाशीच्या वावरातून त्याच संध्याकाळी घरी परतत होता. बाकी घर रडायच्या बेतात होतं.

सिनेमा सहसा गोष्टीच्या क्रमानं चित्रित होत नाही. वेगवेगळ्या दिवशीचे तुकडे सांधा दिसू न देता जोडणं, ही कंटिन्युइटी. घामाचा डाग, कपाळावरचं कुंकू यांची नोंद ठेवायला सेटवर माणूस असतो. पण जूनमध्ये टोबलेली पऱ्हाटी कोणाच्या शूटिंगसाठी थांबत नाही, आणि काळी माती वाळली की रंग बदलते.

या कामातला सगळ्यात पक्का टाका नजरेचा. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) या विदर्भातल्या गोष्टीत, शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर धास्तावलेली अलका (सोनाली कुलकर्णी) नवऱ्यावर, किसनावर (गिरीश कुलकर्णी), लहानग्या दिनूला पाळत ठेवायला सांगते. पाळतीची गोष्ट पडद्यावर उभी राहते ती अशा टाक्यावर: पोरगं बघतंय, कट, बाप दिसतो. दोन्ही शॉट वेगळ्या दिवशीचे असले, तरी पोरगं बापाकडेच बघतंय असं आपण धरून चालतो. पथ्य एकच. दोघांना जोडणारी काल्पनिक रेषा कॅमेऱ्यानं ओलांडायची नाही. ओलांडली, तर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात आणि पाळत ठेवणारं पोरगं बापाकडे पाठ करून बसल्यासारखं वाटतं.

मेंदू इतका भोळा कसा? डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारतात आणि उडीतलं धूसर चित्र मेंदू दडवतो. जोडकामाची त्याला जन्माची सवय. १९९७ मध्ये डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स यांनी एका छोट्या फिल्ममध्ये कट होताना चक्क नटच बदलला. बहुतेकांना पत्ता लागला नाही.

मला जास्त आवडतो तो २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला तुर्कस्तानातला प्रयोग. स्टेफान श्वान आणि सेरमिन इल्दिरार यांनी कधीच सिनेमा न पाहिलेल्या प्रौढ गावकऱ्यांना फिल्म दाखवल्या. कटच्या अल्याड-पल्याड ओळखीचं काम चालू असलं की त्यांना तुकडे जुळवता आले. नसलं की अडखळले.

मामाजींच्या ओळखीचं काम म्हणजे कापूस. त्याच कटमध्ये नायकाचा सदराही बदलला होता. मी त्यांना विचारलं.

"सदरा? कोन पायते सदरा!"