सौर पंपाचा सांगाडा वाऱ्यात टिकावा म्हणून



२०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना चालू झाली आणि आपल्याकडे उसाच्या कडेला सौर पॅनेल दिसू लागली. ऊसनोंदीसाठी फिरताना आम्हास मात्र काही सांगाड्यांचे पाय हाताने हलताना आढळले. वैशाखातल्या वादळात सांगाडा पडला, तर ऐन उन्हात उसाचे पाणी तुटते.

तिरप्या पॅनेलखाली वारा शिरला की तो त्यास वर उचलतो. म्हणजे पायाने भार पेलायचाच, शिवाय ओढही धरायची. त्यात आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. उथळ पाया तिच्यासंगे ढिला होतो. म्हणून खड्डा शक्यतो मुरमापर्यंत न्यावा आणि काँक्रीट भरताना आपण स्वतः हजर राहावे. एकदा खड्डा बुजला की आतले काही दिसत नाही.

दर चैत्रात सर्व नट-बोल्ट पान्याने आवळून घ्यावेत. सांगाड्याला बैल बांधू नये. जवळ पाचट पेटवू नये, वायर जळते. तेच पाचट खोडव्यात आच्छादनाला ठेवले तर पाणी वाचते.

एवढे करूनही पॅनेल पडलेच, तर हात लावू नये. ऊन असेपर्यंत त्यात वीज असते. योजनेत विमा व पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. फोटो काढून महावितरण व पुरवठादाराकडे लगेच तक्रार नोंदवावी.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी