भुताची मालिका आणि घरातल्या पोरी

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ सालच्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिली असेल. मी पाहिली नव्हती. ती रात्री उशिरा लागायची आणि आमच्या घरी पहाटेच्या कामामुळे टीव्ही त्याआधीच बंद व्हायचा. आता आपल्या पोरी तीच मालिका मोबाइलवर पाहतात. गटाच्या बैठकीत दोघी-तिघी म्हणाल्या, पोरीला रात्री संडासला जायला आई सोबत लागते. म्हणून मी ती पहिल्यापासून पाहायला घेतली.

गोष्ट कोकणातली. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातल्या वाड्यात तिचं चित्रीकरण झालं. नाईकांच्या घरातले अण्णा वारतात, शहरातली मुलं-सुना गावी येतात आणि घरात एकेक विचित्र प्रकार सुरू होतात. मालवणी बोली आपल्या नाशिककडच्या कानाला आधी जड जाते, पण विसराळू पांडूची गंमत न कळणारं कोणी नाही. मी भुताची वाट पाहत होते आणि समोर येत होती भावाभावांतली धुसफूस. गावी राहिला तो, शहरात गेला तो, घर कोणाचं, जमीन कोणाची. हे तर आपल्या दिंडोरी-निफाडमध्येही चालतं! घरातली एक सून, नीलिमा, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधते. अशी एक तरी बाई घरात ठेवली, हे मला आवडलं. तरी मालिका सुरू होताच अंधश्रद्धा पसरवते म्हणून तिच्यावर आक्षेप आले होते, आणि ते अगदीच उगाच होते असं मी म्हणणार नाही.

दुसरा भाग २०१९ साली आला. त्यात मागची गोष्ट आहे, म्हणजे अण्णा जिवंत आहेत. पोरींना त्यातली शेवंता आवडते, तिच्यासारखी साडी नेसून त्या व्हिडिओ करतात. माझं लक्ष मात्र माईंकडे, अण्णांच्या बायकोकडे गेलं. नवऱ्याचा दरारा, त्याचं बाहेरचं प्रकरण, आणि हिनं चूल सांभाळायची. मला खरी भीती वाटली ती ह्या जिवंत अण्णांची.

आता भुताची भीती कशी तयार होते ते सांगते. एक भाग आवाज बंद करून पाहा. मी पोरींना भरदुपारी तसा दाखवला, तर त्या हसायला लागल्या. वारा, कुत्र्याचं रडणं, दाराची करकर आणि मग एकदम मोठा दणका, निम्म्याहून जास्त भीती त्यात असते. उजेड खालून पाडला की ओळखीचा चेहराही भेसूर दिसतो. कॅमेरा माणसाच्या पाठीमागून हळूहळू सरकतो, म्हणून आपल्याला वाटतं कोणीतरी पाहतंय. आणि भाग नेमका अशा ठिकाणी तोडतात की पुढचा पाहावाच लागतो. टीव्हीवर त्यासाठी एक दिवस थांबावं लागायचं, तेवढ्यात मन निवायचं. मोबाइलवर पोरी अंधारात, कानात यंत्र घालून, ओळीनं पाच-सहा भाग पाहतात. मग झोप कशी लागणार?

झोपेचंच एक सांगते. पहाटे जाग येते, हात-पाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं. पुष्कळ जणी ह्याला भुताचं दडपण म्हणतात. स्वप्न पडत असताना आपलं अंग सैल पडलेलं असतं. कधी मन आधी जागं होतं आणि अंग मागून. काही क्षणांत, फार तर एक-दोन मिनिटांत ते सुटतं. जागरण आणि ताण असला की हे जास्त होतं. रात्री पोरीला एकटं बाहेर पाठवू नका हे मीही म्हणते, पण ते आपल्या उसातल्या बिबट्यामुळे.

इथवर मालिकेची गंमत. काळजीची गोष्ट पुढे आहे. एखादी पोरगी गप्प राहते, जेवत नाही, घुमायला लागते, झटके येतात. लग्न ठरवलेलं असतं, शाळा सुटलेली असते, किंवा घरात कोणी त्रास देत असतं आणि बोलायची सोय नसते. कधी ती फेफऱ्यासारखी आजाराचीच गोष्ट असते. डोक्यात मालिका ताजी असली की घरचे पटकन म्हणतात, बाहेरचं लागलं. एकदा तसं म्हटलं की तिला काय होतंय हे कोणी विचारत नाही. आपल्या जुन्या गोष्टींतही असंच आहे. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते म्हणतात. ती का गेली, दवाखाना किती लांब होता, रक्त किती कमी होतं, हे त्या गोष्टीत कुठेच येत नाही.

मालिका पाहायला कोणाची बंदी नाही. पण भूत लागलं म्हणून माणसाला मारणं, साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, किंवा एखादीला चेटकीण ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. घरची पूजा, वारी, कीर्तन ह्यांना हा कायदा हात लावत नाही.

पोरीला झटके येत असतील तर आधी आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात न्या. मन जड झालं असेल तर १४४१६ हा सरकारचा 'टेलिमानस' फोन दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. पोरीला फोन लावून द्या आणि तुम्ही थोडा वेळ अंगणात जा. आईसमोर काही गोष्टी तोंडातून निघत नाहीत.